जूनचा गणवेश आदल्या जुलैतच सुरू होतो

शाळा भरल्या, दुकानांतली गर्दी ओसरली, की सोलापुरातल्या बऱ्याच गणवेश कारखान्यांत मशिनी झाकून ठेवतात. कारागीर घरी बसतात आणि मालक वसुलीला फिरतो. वर्षातली सगळ्यात महागडी चूक हीच, असं आमचं मत आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत काम सगळ्यांनाच मिळतं. पाच-दहा वर्षांनी युनिट उभं असेल की नाही, हे मात्र जुलै ते डिसेंबर काय केलं त्यावर ठरतं. म्हणून चोवीस मशिनींच्या एका लाइनीचं आमचं वर्ष जसं जातं तसं इथे जुलैपासून मांडतो आहोत. हिशेब अर्ध्या बाहीच्या शालेय शर्टाचे आहेत. पँट, फ्रॉक, ट्यूनिक यांचे आकडे वेगळे येतील, पण रीत तीच राहील.

जुलैचं पहिलं काम म्हणजे उरलेला माल साइजवार मोजणं. नुसते नग मोजून उपयोग नाही, तो का उरला ते प्रत्येक गठ्ठ्यावर लिहावं लागतं. २२, २४ आणि ४० अशा टोकाच्या साइज उरल्या असतील तर साइजचं प्रमाण चुकलं. एकाच शाळेचा सगळाच माल उरला असेल तर शाळेने रंग किंवा चौकडा बदलला. सरमिसळ उरला असेल तर बहुधा तो अल्टरमध्ये अडकलेला, वेळेत दुरुस्त न झालेला माल असतो. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. साइजचं प्रमाण पुढच्या कटिंगला सुधारतं. रंग बदलण्याचा धोका कागदावर बांधावा लागतो: किमान तीन वर्षं गणवेश बदलणार नाही, आणि बदलायचा असेल तर सहा महिने आधी कळवू, एवढं शाळेच्या लेटरहेडवर घ्यायचं. शाळा हे पत्र देतात, मागायचा संकोच आपल्यालाच असतो. बोधचिन्हाची एम्ब्रॉयडरीही शक्य तितकी उशिरा करायची. बिनचिन्हाचा पांढरा शर्ट दहा शाळांना चालतो. चिन्ह बसलं की तो एकाच शाळेचा झाला.

याच महिन्यात दर नव्याने काढायचे. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून आमचं कॉस्टिंगही वर्षातून दोनदा होतं. बाजारात अजून 'शर्टाला शिलाई अमुक रुपये' असाच भाव चालतो. तो भाव आपल्याला परवडतो का, हे कळायला शिलाई मिनिटांत मोजावी लागते.

घड्याळ घेऊन प्रत्येक ऑपरेशनजवळ उभं राहायचं. खिसा, पट्टी, खांदा, कॉलर, बाही, बाजू, तळदुमड, काज, बटण. प्रत्येकाच्या दहा वेळा नोंदवायच्या, सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ वेळ सोडून सरासरी काढायची. शिवणाऱ्या ताईचा वेग बघून ती सरासरी सावरायची, म्हणजे अतिशय हुशार हात असेल तर वेळ थोडी वाढवायची. दोरा बदलणं, बॉबिन भरणं, पाणी पिणं, यासाठी १५ टक्क्यांच्या आसपास भर घालायची. अशी बेरीज करून साध्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला आमच्याकडे १६ मिनिटं येतात.

आता महिन्याचा सगळा खर्च धरा: पगार, भाडं, वीज, व्याज, दुरुस्ती, कटिंग मास्तर, चेकर, प्रेसवाला, सगळं. समजा ६ लाख रुपये. २४ कारागीर, २६ दिवस, रोज ४८० मिनिटं, म्हणजे २,९९,५२० मिनिटांचे पैसे आपण मोजतो. लाइन ५० टक्के कार्यक्षमतेने चालली तर विकण्याजोगी मिनिटं उरतात १,४९,७६०. मिनिटाला खर्च पडला ४ रुपये आणि शर्टाला ६४. तीच लाइन ४० टक्क्यांवर आली तर मिनिट ५ रुपयांना पडतं आणि शर्ट ८० रुपयांना. कापड तेच, दोरा तोच, गिऱ्हाईक तेच, आणि नगामागे १६ रुपये गेले. गिऱ्हाइकाशी दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या मालकाला हे १६ रुपये दिसत नाहीत, कारण ते कोणत्याच बिलावर छापलेले नसतात.

पगाराचा आकडा धरताना फक्त हातात दिलेली रक्कम धरणं ही दुसरी नेहमीची चूक. वीस आणि त्याहून जास्त माणसं असली की भविष्य निर्वाह निधी लागतो. मालकाचा वाटा १२ टक्के, वरचे शुल्क धरून साधारण १३. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालकाचे ३.२५ टक्के, महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. दिवाळीचा बोनस किमान ८.३३ टक्के. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे ४.८१ टक्के. ही बेरीज १०० रुपयांमागे साधारण २९ रुपये होते. ग्रॅच्युइटी बहुतेक लोक धरतच नाहीत. मग बारा वर्षं काम केलेल्या चार ताई एका वर्षात सोडतात आणि त्या वर्षीचा नफा तिथे जातो. ती रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकली तर ही वेळ येत नाही.

मोकळ्या महिन्यांत काय शिवायचं हा प्रश्न आता येतो. रुग्णालयांचे स्क्रब (डॉक्टर-नर्सचे कामाचे कपडे), सुरक्षारक्षकांचे शर्ट, हॉटेलचे कपडे, एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कामगार गणवेश ही कामं वर्षभर निघत असतात. निवडताना आम्ही एकच कसोटी लावतो: आहे त्याच मशिनींवर आणि आहे त्याच हातांनी होतं का? ड्रिलच्या जाड कापडाला १६ नंबरची सुई आणि टीप थोडी लांब करून आमची लाइन चालते. लोकरी जर्सीचं काम कितीही चांगला दर देत असलं तरी ते आमच्या हातचं नाही. रुग्णालयाच्या कपड्यात एक सापळा आहे. हा कपडा ब्लीचमध्ये आणि गरम पाण्यात धुतला जातो, त्यामुळे गडद हिरवा किंवा निळा रंग आधी ब्लीचच्या पाण्यात धुऊन बघितल्याशिवाय थान घेऊ नये.

दराबाबत सांगायचं तर वरच्या ६ लाखांत पगार सव्वाचार लाखांच्या थोडा खाली, ४ लाख २० हजार धरा. म्हणजे मिनिटाला २ रुपये ८० पैसे नुसत्या माणसांचे. ऑफ सीझनमध्ये २.८० आणि ४ रुपयांच्या मधला दर आम्ही घेतो, कारण माणसं घरी गेली की फेब्रुवारीत परत येतीलच असं नाही, आणि नवा हात लाइनीत बसायला दोन-तीन महिने जातात. मात्र हा दर हंगामातल्या गिऱ्हाइकाला कधीही द्यायचा नाही. एकदा दिला की पुढच्या वर्षी तो तिथूनच खाली मागायला सुरुवात करतो.

सरकारी धोरणाचा फटका कसा बसू शकतो ते अलीकडेच सगळ्यांनी पाहिलं. २०२४-२५ मध्ये राज्याने सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड मध्यवर्ती पद्धतीने घेऊन ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. दोन्ही निर्णयांची बाजू असेल. पण ज्याचा सगळा धंदा एकाच प्रकारच्या शाळांवर उभा होता त्याला एकाच वर्षात दोनदा दिशा बदलावी लागली. आम्ही स्वतःला घातलेली मर्यादा अशी आहे की कोणतंही एक गिऱ्हाईक उलाढालीच्या ३० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. मोठी ऑर्डर सोडताना जिवावर येतं, तरी सोडतो.

ऑगस्ट-सप्टेंबर हे शिकवण्याचे महिने. भिंतीवर एक तक्ता लावलेला असतो. डावीकडे नावं, वर ऑपरेशन्स, आणि चौकटीत १ ते ४ आकडे. १ म्हणजे शिकते आहे, ४ म्हणजे दुसरीला शिकवू शकते. नियम असा की कोणत्याही ऑपरेशनखाली ३ किंवा ४ आकड्याच्या किमान तिघी हव्यात. कॉलर लावणारी एकच ताई असेल आणि एप्रिलमध्ये तिच्या घरी लग्न निघालं तर चोवीस मशिनी तिच्यासाठी थांबतात. लग्नं एप्रिल-मेमध्येच असतात, हे सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको.

कॉलर ही शर्टातली सगळ्यात जास्त परत येणारी जागा आहे, म्हणून तिच्यावर आम्ही सर्वांत जास्त दिवस घालवतो. आतल्या फ्यूजिंगला, म्हणजे उष्णतेने चिकटणाऱ्या अस्तराला, तापमान, दाब आणि वेळ तिन्ही बरोबर लागतात. पुरवठादार सांगेल तो आकडा घ्यायचा, साधारण १४० ते १५० अंश आणि १२ ते १५ सेकंद. पण मशिनीवरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. तापमानाची पट्टी आत टाकून डावी, मधली आणि उजवी बाजू रोज सकाळी बघायची. एका बाजूचं हीटर कमजोर झालं की त्या बाजूच्या कॉलरी चिकटल्यासारख्या दिसतात आणि तिसऱ्या धुण्याला फोड येतात. फ्यूज केलेला तुकडा पूर्ण गार झाल्यावर कोपऱ्यातून सोलून पाहायचा. गरम असताना सोलला तर चांगला तुकडाही सुटतो आणि उगाच घबराट होते. पुढे कॉलर उलटवताना टोकाजवळचं कापड टिपेपासून ३ मिलिमीटरवर तिरकं छाटायचं. जास्त ठेवलं तर आत गोळा बसतो आणि टोक बोथट होतं. कमी ठेवलं तर टोकातून धागे बाहेर येतात. टोक काढायला कात्रीचं अग्र वापरणाऱ्या हाताला ती सवय सोडायला लावणं, हे आमच्या शिकवणीतलं सर्वांत चिवट काम आहे. त्याऐवजी शिवताना टोकात दुहेरी दोरा अडकवायचा आणि उलटवताना तो ओढायचा. दोन्ही टोकं सारखी निघतात.

दिवाळीनंतर कापड. गणवेशाचं पॉलिस्टर-व्हिस्कोस सूटिंग मुख्यतः भिलवाड्याहून येतं. शर्टिंग पॉलिस्टर-कॉटनचं असतं. ऑर्डर नोव्हेंबर-डिसेंबरात द्यावी लागते, कारण जानेवारीनंतर सगळा देश एकाच वेळी गणवेशाचं कापड मागतो आणि मग शेड आपल्या हातात राहत नाही. मागच्या वर्षाच्या शेडचा तुकडा दोन ठिकाणी जपून ठेवायचा, अंधारात, कागदात गुंडाळून. एक आपल्याकडे, एक गिरणीकडे. खिडकीजवळ टांगलेल्या नमुन्याचा रंग वर्षभरात उतरतो आणि नवं कापड त्या उतरलेल्या रंगाशी जुळवलं जातं.

थान आलं की लगेच कटिंग टेबलवर घ्यायचं नाही. आमच्याकडे त्याआधी चार तपासण्या होतात.

पहिली पन्ह्याची. ५८ इंची सांगितलेलं कापड थानाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजायचं, किनार सोडून. ५७ निघालं तर ५८ चा मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांची आखलेली मांडणी, त्यावर बसत नाही आणि कडेच्या बाहीचा तुकडा किनारीत जातो. अशी थानं वेगळी काढून त्यांना वेगळा मार्कर लावायचा.

दुसरी दोषांची. चार गुणांची पद्धत सोपी आहे. ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ गुण, ३ ते ६ ला २, ६ ते ९ ला ३, त्यापुढे ४. एका वारात कितीही दोष असले तरी ४ च्या वर गुण नाहीत. १०० चौरस वारांमागे ४० गुणांच्या वर गेलेलं थान परत. ही अट खरेदीच्या चिठ्ठीवर आधी लिहिलेली असेल तरच गिरणी ऐकते.

तिसरी आटण्याची. कापडावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखायचा, तीनदा धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करून मोजायचा. लांबी ४८.५ झाली तर आटणं ३ टक्के. मग ६० सेंटिमीटर लांबी हवी असेल तर फर्मा ६० भागिले ०.९७, म्हणजे ६१.९ चा करायचा. ६० मध्ये तीन टक्के मिळवून ६१.८ करणारे असतात. इथे फरक मिलिमीटरचाच आहे, पण होजिअरीच्या टी-शर्टचं कापड सात-आठ टक्के आटतं आणि तिथे हीच सवय नडते.

चौथी शेडची, आणि हिच्यात कंटाळा केला की हमखास पैसे जातात. प्रत्येक थानाच्या टोकाचा सहा इंची तुकडा कापायचा, त्यावर थानाचा नंबर लिहायचा आणि सगळे तुकडे शेजारी शेजारी शिवून एक लांब गोधडी करायची. ती सकाळी दहाच्या सुमाराला उघड्यावर, उत्तरेच्या सावलीत बघायची. ट्यूबलाइटखाली सारखे दिसलेले दोन पांढरे उजेडात एक निळसर आणि एक पिवळसर निघतात. शेडनुसार अ, ब, क गट पाडायचे आणि एका शाळेला शक्यतो एकच गट द्यायचा. प्रार्थनेला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांमध्ये शेडचा फरक लांबूनही दिसतो.

कटिंगला आलो की पैसा मिटरमध्ये असतो. सहा शर्टांचा मार्कर ५.७० मीटरचा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर सोडले तर एक थर ५.७४ मीटर. शंभर मीटरच्या थानातून १७ थर निघतात आणि २.४२ मीटर तुकडा उरतो. तो तुकडा ढिगात टाकायचा नाही. त्यावर थान नंबर लिहून लहान साइजसाठी त्याच दिवशी वेगळा कापायचा. मार्करची कार्यक्षमता ८२ टक्क्यांवरून ८५ वर नेली तर तोच मार्कर ५.५० मीटरमध्ये बसतो. शर्टामागे साडेतीन सेंटिमीटरच्या आत बाहेर वाचतात. कापड ११० रुपये मीटर धरलं तर साडेतीन रुपयांवर, आणि २०,००० शर्टांमागे सत्तर हजारांवर. मास्तरला मार्करवर अर्धा दिवस जास्त द्यावा, असं आम्ही म्हणतो ते यासाठी. मोठ्या आणि लहान साइज एकाच मार्करमध्ये मिसळल्या की फटी भरतात. फक्त चौकड्याच्या आणि रेघेच्या कापडात हा हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर बाजूच्या टिपेवर रेघा जुळत नाहीत.

थर किती चढवायचे? शर्टिंगचे साठपर्यंत. त्यापुढे कटर किंचित कलतो आणि सगळ्यात खालचा तुकडा वरच्यापेक्षा चार-पाच मिलिमीटर वेगळा निघतो. मग ती बाही मुंढ्यात बसत नाही आणि शिवणारीला बोल लागतो. पॉलिस्टरचं प्रमाण जास्त असलेल्या सूटिंगमध्ये आणखी एक गोष्ट होते. पातं बोथट असेल तर घर्षणाने तापतं आणि थरांच्या कडा एकमेकींना वितळून चिकटतात. तिथे थर कमी, पातं वारंवार घासलेलं आणि मधे मधे पातळ कागद. कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर. तेवीस नंबरच्या पाठीला तेवीस नंबरचीच बाही. हे चिकटपट्टीचं काम दोन हेल्परांचा अख्खा दिवस खातं. ते वाचवायला जाणाऱ्याच्या मालात मेमध्ये दोन रंगांचे शर्ट निघतात.

कटिंगचा एक पाळण्याजोगा नियम: मागच्या वर्षीच्या साइजच्या प्रमाणात सुरुवातीला फक्त ७० टक्के कापड कापायचं. उरलेलं ३० टक्के मेच्या मध्यापर्यंत थानातच राहू द्यायचं. कापलेलं परत थान होत नाही. दुकानदारांच्या दुसऱ्या मागण्या आल्या की कोणती साइज कमी पडते ते दिसतं आणि ३० टक्के तिथे जातात.

मार्चपासून लाइन भरात. २४ मशिनी, १६ मिनिटं, ५० टक्के, म्हणजे दिवसाला ३६० शर्ट, तासाला ४५. तासातासाला फळ्यावर आकडा लिहायचा. संध्याकाळी लिहिलेल्या आकड्याचा उपयोग फक्त वाईट वाटून घेण्यापुरता असतो, अकरा वाजता लिहिलेल्या आकड्यावर काही करता येतं. कॉलर लावायला १.१ मिनिट लागत असेल तर तासाला ५४ व्हायला हव्यात. पण त्या जागेवरची ताई ७० टक्के वेगाची असेल तर ३८ होतात आणि दिवसाला ३०५ च्या वर लाइन जातच नाही, बाकी तेवीस जणी कितीही पळाल्या तरी. त्या जागेच्या पुढे हात रिकामे आणि मागे बंडलांचा डोंगर दिसतो. दुसऱ्या एका ताईला दिवसातले दोन तास तिथे बसवलं की ३८० पर्यंत मजल जाते. म्हणून तो ऑगस्टमधला तक्ता.

पीस रेटवर, म्हणजे नगावर मजुरी देऊन, काम चालवलं तर वेग वाढतो, पण टीप सैल होते आणि अवघड ऑपरेशन कुणी घ्यायला तयार होत नाही. आम्ही ठराविक पगार देतो आणि लाइनीच्या आकड्यावर सगळ्यांना मिळून प्रोत्साहन. चेकरने परत पाठवलेला नग त्यातून वजा होतो. पगार सात तारखेच्या आत. स्वच्छ आणि कडीचं स्वच्छतागृह, लहान मुलाला बसवायला जागा, संध्याकाळी अंधार पडायच्या आत सुट्टी. या तीन गोष्टींनी टिकलेल्या बायका पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या कारखान्यात जात नाहीत. आम्ही हे दया म्हणून लिहीत नाही. त्यांच्या हातावर धंदा चालतो, त्यामुळे हे त्यांचं देणंच आहे.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी दोन ते चार लाइनीचा आकडा पडतो, घामाचे डाग पांढऱ्या कापडावर उमटतात. पाळी सकाळी साडेसातला सुरू करणं, पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, एका भिंतीला ओल्या पॅडचे कूलर आणि समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट पंखे. कोरड्या उन्हाळ्यात याचा चांगला परिणाम होतो, मात्र पावसाळ्यात पॅड बंद ठेवायचे. जुन्या क्लच मोटरी बदलून सर्व्हो बसवल्या तर खोलीची उष्णताही थोडी उतरते. क्लच मोटर पेडल दाबलं नसतानाही फिरत राहते, वीज खाते आणि तापते. सर्व्हो टीप चालू असेल तेवढीच फिरते. मशीन बदलायची गरज नाही, नुसती मोटर बदलते.

याच महिन्यांत माल सगळ्यात जास्त साठलेला असतो आणि आगीचा धोकाही. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आग लागून ८ जण गेले, आत राहणारं मालकाचं कुटुंबही त्यात होतं. त्यानंतर ज्यांनी जिन्यातली थानं हलवली नसतील त्यांनी हे वाचून झाल्यावर उठून ती हलवावीत. दोन दरवाजे, दोन्ही बाहेर उघडणारे, काम चालू असताना कुलूप नाही. इस्त्रीची लाइन वेगळ्या स्विचवर, जाताना शेवटच्या माणसाने ती बंद करून सही करायची. वायरिंग दरवर्षी हंगामाआधी तपासलेलं. कारखान्यात रात्री कुणीही झोपायचं नाही.

तपासणीत शेवटच्या टेबलवर शंभर टक्के नग बघतोच. त्यावर पॅक केलेल्या मालातून नमुना काढतो. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटला १२५ नग, एक्यूएल (चालण्याजोग्या दोषांची मर्यादा) २.५ प्रमाणे ७ पर्यंत दोषी चालतात, ८ निघाले की अख्खा लॉट उघडायचा. टिपा इंचाला १० ते १२. पँटच्या आसनाला दुहेरी टीप. सुई तुटली तर सगळे तुकडे जुळवून वहीत चिकटवल्याशिवाय नवी सुई नाही. मुलांच्या कपड्यात हे सोडून चालत नाही. आणि पँटच्या पायाला दोन इंच दुमड. आईवडील 'वाढत्या अंगाचं' मागतात ते बरोबरच आहे. दोन वर्षं टिकणारी, उसवून लांब करता येणारी पँट विकल्याने धंदा घटत नाही, तीच शाळा टिकवून देते.

आता पैशाचा फेरा, कारण नफ्यात असलेली युनिटंही इथेच बसतात. कापड जानेवारीत, मजुरी मार्च ते मे, दुकानदाराचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये. एका शर्टात कापड १०५, शिलाई ६४, बटण-फ्यूजिंग-पॅकिंग धरून साधारण १८५ रुपये सरासरी १५० दिवस अडकले आणि व्याज ११ टक्के असेल तर नगामागे सव्वाआठ रुपयांच्या वर व्याज होतं. ते दरात धरलेलं नसतं आणि मग 'विक्री चांगली झाली पण हातात काही उरलं नाही' असं होतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणून करून घ्यावी आणि नंबर प्रत्येक बिलावर छापावा. आयकरातल्या ४३बी(एच) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. नुसती व्यापारी म्हणून नोंद असेल तर हा आधार मिळत नाही. आणि हीच तलवार आपल्यावरही आहे: यंत्रमागवाल्याचे पैसे आपणही थकवतो. जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आहे. त्यामुळे पूर्वी हजारावर गेल्यामुळे १२ टक्के लागणारे ब्लेझर आता बहुतेक ५ मध्ये बसतात. जुन्या दरपत्रकावरून बिल करू नये.

चिंध्यांबद्दल थोडक्यात. कापडाचा सहावा-सातवा हिस्सा टेबलखाली पडतो. सुती, मिश्र आणि फ्यूजिंग अशी तीन पोती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली तर सुती चिंधीला चांगला भाव येतो. मिसळलेल्या पोत्याला कुणी विचारत नाही. मोठे तुकडे गोधडी शिवणाऱ्या बायका घेऊन जातात.

जूनमध्ये शेवटचे ३० टक्के कापून, शिवून, पंधरा तारखेच्या आत दुकानात पोचतात. त्यानंतर बदलून दिलेल्या नगांची वही दुकानदाराकडे ठेवतो: साइज, शाळा, आणि कारण एका शब्दात. बटण, काख, कॉलर, शेड, लांबी. महिनाअखेर ती वही आणि परत आलेले नग एकाच पोत्यात कारखान्यात येतात. पोतं टेबलवर ओततो, कारणवार ढीग लावतो, आणि ज्या ज्या ऑपरेशनचा ढीग मोठा आहे त्या ताईला जवळ बसवून नग उलटा करून दाखवतो. काखेतली टीप बहुतेक वेळा एकाच जागी सुटलेली असते, बाही आणि बाजूची शिवण जिथे भेटते तिथे, कारण चार थरांच्या जाडीवर तिने पेडल सोडलेलं नसतं.